मावशी, नंतर!

आज डोकं फिरलंय. घरी येऊन चहा झाला, कुकर लावला, तरी उतरत नाही म्हणून लिहायला बसले. लांबण लागणार आहे. वेळ नसेल त्यांनी लाइक टाकून पुढे सटकावं, राग नाही.

एका इंजिनीअरिंग कॉलेजात परीक्षक म्हणून गेले होते. नाव सांगणार नाही, आणि कॉमेंटमध्ये ओळखायचा खेळ खेळू नका. उपनगरातलं आहे, बऱ्यापैकी नावाजलेलं. शेवटच्या वर्षाच्या पोरांच्या प्रोजेक्टचं प्रदर्शन. पत्रिकेवर मोठ्या अक्षरांत छापलेलं, ‘विद्यार्थ्यांच्या सॉफ्ट स्किल्सच्या विकासासाठी, सर्वांसाठी खुले’.

सर्व कुठे होते? सर्व गेटबाहेर होते. प्रदर्शन पाचव्या मजल्यावर, एसी सेमिनार हॉलमध्ये, आणि आयकार्ड नसेल तर वॉचमन लिफ्टपर्यंतसुद्धा सोडत नव्हता. मलाच दहा मिनिटं उभं केलं, कोणाचा तरी फोन आल्यावर आत घेतलं. वर फीत, समई, शाल, श्रीफळ, कुंडीतलं रोप. मग प्राचार्यांचं भाषण. त्यात ‘सॉफ्ट स्किल्स’ अकरा वेळा आलं. मोजत होते, दुसरं काही करण्यासारखं नव्हतं.

पोरं बिचारी एप्रिलच्या उकाड्यात ब्लेझर घालून आलेली. विचारलं तर कळलं की आधी दोन दिवस ट्रेनर बोलावला होता. हात कसा मिळवायचा, नजर कुठे ठेवायची, हात खिशात घालायचे नाहीत, बांधायचे नाहीत, कमरेवर ठेवायचे नाहीत. त्यामुळे प्रत्येक टेबलामागे एक पोरगं नाहीतर पोरगी, हात पोटासमोर एकावर एक ठेवून, लग्नात फोटोला उभं राहिल्यासारखं. आणि तोंडून एकच कॅसेट, ‘गुड मॉर्निंग रिस्पेक्टेड जजेस.’ दुपारी अडीच वाजता.

हात कुठे ठेवायचे ते मलाही एकदा शिकायला लागलं होतं. बादलीत. सांगते.

१९९३ सालची गोष्ट. डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला होते, इलेक्ट्रिकल. करी रोडला चाळीत राहायचो. बाबा मिलमध्ये साच्यावर, म्हणजे मागावर होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तो आमच्या घरापुरता कधी संपलाच नाही. तर माझा प्रोजेक्ट होता पाण्याच्या टाकीचा ऑटोमॅटिक कंट्रोलर. वरची टाकी रिकामी झाली की मोटार आपोआप चालू, भरली की बंद. लॅमिंग्टन रोडवरून आणलेला एक ५५५ टायमर आयसी, म्हणजे छोटी चिप, एक बीसी ५४७ ट्रान्झिस्टर, मोटारीचं बटण दाबणारा १२ व्होल्टचा रिले, आणि टाकीत सोडायला तांब्याच्या तीन तारा. आजची पोरं हसतील. तेव्हा मला आपण अणुभट्टी बांधलीय असं वाटत होतं.

त्या वर्षी आमच्या मंडळाकडे गणपतीच्या देखाव्याला पैसे नव्हते. वर्षच तसं होतं, डिसेंबर-जानेवारीच्या दंगली, मार्चचे बॉम्बस्फोट, वर्गणी मागायला जायचं तोंड कोणाला नव्हतं. सेक्रेटरी म्हणाले, "तुझं ते यंत्र ठेव गं मंडपात. कोपरा रिकामाच आहे. पाणी वरखाली होताना पोरंटोरं बघतील तरी." म्हणजे माझं पहिलं जाहीर प्रदर्शन हे कारंज्याऐवजी लागलेलं होतं, हे आधीच कबूल करते. रंगाचे दोन रिकामे डबे, एकावर एक, मध्ये कूलरचा छोटा पंप. आणि बाजूला मी, दहा दिवस, आरतीपासून रात्री अकरापर्यंत.

पहिल्या संध्याकाळी काकूंचा घोळका आला. मी पाठ केलेलं सुरू केलं. लॉजिक, थ्रेशोल्ड, ट्रिगर. एक काकू मध्येच म्हणाल्या, "ते राहू दे. तू पाण्यात करंट सोडतेस?" मी म्हटलं, हो, पण बाराच व्होल्ट... "बारा काय नि बाराशे काय, आमची पोरं पितात ते पाणी!"

व्होल्ट आणि अँपिअरचा फरक मला परीक्षेत पाच मार्कांना लिहिता येत होता. त्या काकूला सांगता येईना. घसा कोरडा पडला. शेवटी काहीच सुचेना तेव्हा वरच्या डब्यात हात बुडवला, मनगटापर्यंत, तारांना लावून. आणि हात तसाच ठेवून बोलायला लागले. घरातला प्लग थेट नाही काकू, मध्ये हा ट्रान्सफॉर्मर आहे, हा करंटाला इतका बारीक करतो की मुंगी चावल्याइतकंही कळत नाही, बघा. काकूंनी बघितलं. मग त्यांनीही एक बोट घातलं. मग सगळ्यांनीच घातलं. माझं पाणी गढूळ झालं, पण लोकांसमोर बोलायची भीती त्या डब्यात गेली ती गेली.

ट्रेनरला दोन दिवसांचे किती दिले असतील हो?

आता आजचं. ज्यावरून हे सगळं.

सोळाव्या टेबलावर ‘स्मार्ट मॅनहोल’ होतं. २९ ऑगस्ट २०१७ च्या पावसात एक डॉक्टर उघड्या मॅनहोलात पडून गेले, तेव्हापासून मॅनहोल म्हटलं की मुंबईकराच्या पोटात गोळा येतोच, त्यामुळे हे मॉडेल दरवर्षी कुठे ना कुठे दिसतं. पण या पोरानं मनापासून केलं होतं. थर्माकोलचं नाही, पत्र्याचं खरं झाकण. खाली गॅसचा सेन्सर, पाण्याची पातळी मोजणारा सेन्सर, हे सगळं चालवणारा एक ईएसपी ३२ चा छोटा बोर्ड, बझर, आणि मोबाइलवर मेसेज. डाग दिसत होते सोल्डरिंगचे, म्हणजे घरी रात्री बसून केलेलं, विकत आणलेलं नाही. (विकत मिळतात. तयार प्रोजेक्ट, ब्लॅक बुकसकट, म्हणजे प्रोजेक्टच्या अहवालासकट, बायंडिंग करून. कुठे मिळतात ते पोरांना चांगलं ठाऊक असतं आणि सरांनाही.)

पोरगा कॅसेट वाजवत होता. आम्ही तीन परीक्षक फॉर्मवर माना घालून. तेवढ्यात मागून हाउसकीपिंगच्या मावशी आल्या, निळा कोट, हातात मॉप. सरबत सांडलं होतं ते पुसत पुसत टेबलाशी आल्या आणि थांबल्या. पोस्टर इंग्रजीत होतं, पण झाकणाला काय वाचायचंय. त्यांनी विचारलं, "बाळा, हे झाकण उघडायच्या आधी वाजतं का उघडल्यावर?"

गळ्यात पट्टा घातलेला व्हॉलंटिअर धावत आला. "मावशी, नंतर! जज आहेत."

मावशी गेल्या. मॉप घेऊन, भिंतीच्या कडेकडेनं, जसं त्यांना जायची सवय आहे तसं.

आणि मी काय केलं? मी फॉर्म भरत होते. ‘प्रेझेंटेशन स्किल्स, दहापैकी.’ सात लिहिले. त्या हॉलमध्ये दिवसभरात विचारलेला सगळ्यात नेमका प्रश्न माझ्या पाठीमागे विचारला गेला आणि मी आकडा लिहीत होते. व्हॉलंटिअरला शिव्या घालायला बसले होते, पण लिहिता लिहिता लक्षात येतंय की तो एकोणीस-वीस वर्षांचा पोरगा आहे, त्याला जे शिकवलं ते त्यानं केलं. मी एकावन्न वर्षांची आहे.

पुन्हा चाळीत जाते. तिसऱ्या की चौथ्या दिवशी तात्या आले. तात्या मिलच्या पंपहाउसवर होते, संपानंतर दारोदार मिक्सर आणि पंख्याच्या मोटारी दुरुस्त करायचे. दारू प्यायचे, म्हणून बायका त्यांना मंडपात फारसं थांबू द्यायच्या नाहीत. तात्या हात मागे बांधून माझ्या डब्यांसमोर बराच वेळ उभे. पंप चालू झाला, बंद झाला, पुन्हा चालू झाला. मग म्हणाले, "पोरी, खालच्या टाकीत पाणी आलंच नसेल तर तुझी मोटार काय हवा ओढणार?"

मी गप्प.

वरची टाकी रिकामी, म्हणून माझं सर्किट मोटार चालू करणार. खाली म्युनिसिपालटीचं पाणी आलेलंच नाही. वरची टाकी भरणार नाही, म्हणून सर्किट मोटार बंद करणार नाही. मोटार कोरडी फिरत राहणार, सील जळणार, वाइंडिंगलाही धोका. मुंबईत राहून, पहाटे पाण्याच्या वेळेला उठून हंडे लावून, हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं! कारण पुस्तकातल्या चित्रात खालच्या टाकीत कायम पाणी होतं, निळ्या रेघांचं.

कॉलेजात बाहेरून आलेल्या परीक्षकांनी काय विचारलं होतं माहितीये? "५५५ ला ५५५ का म्हणतात?" मी सांगितलं, आत पाच-पाच किलोओमचे तीन रेझिस्टर असतात म्हणून. पैकीच्या पैकी. पुढे कितीतरी वर्षांनी वाचलं की ज्यानं ती चिप काढली त्यानंच सांगून ठेवलंय, रेझिस्टरचा संबंध नाही, नंबर असाच दिलेला. म्हणजे प्रश्न फालतू, उत्तर चूक, मार्क पूर्ण. आणि दारूचा वास येणाऱ्या माणसाला फुकटात कळलं होतं की यंत्र कुठे मरणार.

मला कोणी सांगू नका की सॉफ्ट स्किल्स म्हणजे बोलणं. बोलतात तर सगळेच. तात्यांसमोर गप्प बसून ‘हो, हे चुकलंय माझं’ असं म्हणता येणं, तेही वीस माणसांसमोर, गणपतीसमोर, हे त्या ब्लेझरवाल्यांना कोण शिकवणार आहे? वागळे इस्टेटला आमच्या कंपनीत दरवर्षी नव्या पोरांच्या मुलाखती मी घेते, पंपांचे कंट्रोल पॅनेल बनवतो आम्ही. इंग्रजी फाडफाड असतं. साइटवर पाठवलं की पंप ऑपरेटरशी दोन वाक्यं धड होत नाहीत. ऑपरेटर म्हणतो, साहेब, आवाज वेगळा येतोय. पोरगं लॅपटॉपकडे बघतं आणि म्हणतं, रीडिंग ओके आहे. झालं, संपला संवाद. आठवड्यानं बेअरिंग जातं.

हो, मान्य आहे, प्लेसमेंटच्या मुलाखती इंग्रजीत होतात आणि पोरांना पोट आहे. नजर वर ठेवून बोलायला शिकवलं तर वाईट काही नाही. घ्या, मान्य केलं.

पण कॉलेजांना हे सगळं कागदासाठी हवंय, हे मी तरी मानते. २०१४ मध्ये भारत वॉशिंग्टन कराराचा, म्हणजे इंजिनीअरिंगचं शिक्षण एकमेकांच्या देशांत मानायच्या कराराचा, पूर्ण सदस्य झाला, कॉलेजांच्या अ‍ॅक्रेडिटेशनमध्ये, म्हणजे दर्जाच्या तपासणीत, ‘संवादकौशल्य’ असा एक रकाना आहे, त्या रकान्याला पुरावा लागतो. पुरावा म्हणजे फोटो. फीत कापतानाचा. मुंबई विद्यापीठाच्या सिलॅबसमध्ये प्रोफेशनल कम्युनिकेशन अँड एथिक्स नावाचा विषयच आहे, त्याच्या असाइनमेंट कशा लिहिल्या जातात ते घरात इंजिनीअरिंगचं पोरगं असलेल्यांनी सांगावं. माझ्या भाचीनं ‘ऐकण्याची कला’ या विषयावर चार पानं कानात इअरफोन घालून उतरवून काढली.

कोणीतरी म्हणेलच, अगं आयआयटीचा टेकफेस्ट आहे की पवईला, १९९८ पासून, केवढी गर्दी. आहे, आणि चांगला आहे. २०१७ मध्ये सोफिया नावाची यंत्रबाई तिथे साडी नेसून आली, तेव्हा मीही कौतुकानं बातम्या बघितल्या. पण तिथे लोक बघायला जातात. विचारायला नाही. मी म्हणतेय ते वेगळं आहे.

मी म्हणतेय ते बघायचं असेल तर २८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनाला, नारायणगावजवळ खोडदला जा. जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे तिथे, ४५ मीटर व्यासाच्या तीस अँटेना. त्या दिवसांत ती लोकांसाठी उघडी ठेवतात आणि शाळा-कॉलेजांची पोरं आपापली यंत्रं मांडतात. एका वर्षी मी गेले होते. इंजिनीअरिंगच्या एका मुलीनं ठिबकचा काहीतरी व्हॉल्व्ह केलेला. टोपीवाले एक आजोबा टेबलावर वाकून म्हणाले, "उंदरानं नळी कुरतडली तर तुझ्या मशिनीला कळंल का?" ती मुलगी आधी हसली. मग थांबली. मग वही काढून लिहून घेतलं तिनं. मला एकदम तात्या आठवले आणि तिथे धुळीत उभं राहून डोळ्यात पाणी आलं. नवऱ्याला सांगितलं धूळ गेली.

आणि लांब कशाला, आपल्या जेजे आर्ट स्कूलच्या पोरांकडे बघा. वार्षिक प्रदर्शन लागतं, सीएसएमटीला उतरलेली माणसं पिशव्या घेऊन आत शिरतात, चित्रासमोर उभी राहून ‘हे काय समजलं नाय बुवा’ असं चित्रकाराच्या तोंडावर म्हणतात. ती पोरं ऐकतात. चित्रकाराला जे जमतं ते इंजिनीअरला का जमू नये? आमच्या वस्तू तर लोकांच्या घरातच जाऊन बसणार आहेत.

असो. आजचं अर्धवट राहिलं.

जेवणाच्या सुट्टीत मला चैन पडेना. पँट्रीत गेले, मावशी डबा उघडून बसल्या होत्या. म्हटलं, मावशी, जेवण झालं की वर येता का, त्या पोराला तुमचं विचारायचंय. आधी त्या घाबरल्या, तक्रार आली की काय म्हणून. सुपरवायझरला मी सांगितलं तेव्हा आल्या.

पोराला म्हटलं, सांग यांना. तो म्हणाला, "मॅडम, मराठीत?" घर कळव्याला, आडनाव मराठी, आई मराठी शाळेत शिक्षिका, आणि पोराला प्रश्न पडला मराठीत कसं सांगू! ब्लेझर काढला त्यानं आधी. कपाळ पुसलं. दोनदा सुरुवात केली, दोनदा अडला. ‘हजार्डस गॅसेस’ला तो ‘घातक वायू’ म्हणाला, ते मावशींना काही बोध होईना. मग म्हणाला, "म्हणजे मावशी, झाकणाच्या आतल्या बाजूला मी एक नाक बसवलंय."

नाक! कोणत्या ट्रेनरनं दिला असता हा शब्द?

मावशी म्हणाल्या, "नाक वरती आणि गॅस तळाला?" त्यांचे मिस्टर ड्रेनेज लाइनच्या कंत्राटी कामावर होते बरीच वर्षं. पोरगा बघतच राहिला. हायड्रोजन सल्फाइड हवेपेक्षा जड असतो हे त्याच्या ब्लॅक बुकात पान बारावर होतं, मी नंतर उघडून पाहिलं. स्वतःच लिहिलेलं. आणि नाक झाकणाला.

"दोरीला बांधून खाली सोडता येईल," तो पुटपुटला. मग स्वतःहून म्हणाला की सेन्सर गरम व्हायलाही वेळ लागतो मावशी, चालू केल्यावर दोन-तीन मिनिटं तरी थांबायला लागेल, त्याआधी तो खरं सांगत नाही.

मावशी म्हणाल्या, "मुकादम थांबतोय का दोन मिनटं?"

यावर कोणीच काही बोललं नाही. २०१३ चा कायदा आहे, संरक्षक साधनांशिवाय माणूस गटारात उतरवायला बंदी आहे, मला ठाऊक आहे. मावशींना तो ऐकवायचं माझं धाडस झालं नाही. पोरानं मात्र एक चांगलं केलं. गप्प उभा राहिला, हात पोटासमोर नव्हते, एक हात त्या पत्र्याच्या झाकणावर. आणि मग विचारलं, "ते उतरतात तेव्हा हातात काय काय असतं त्यांच्या?" मावशी सांगायला लागल्या. दहा-बारा मिनिटं. तो लिहून घेत होता, माझ्याच फॉर्मच्या पाठीमागे, माझंच पेन घेऊन.

सातचे नऊ केले. खाडाखोडीवर सही मागितली कोऑर्डिनेटर बाईंनी, ती दिली. पहिला नंबर दुसऱ्याच कोणाला तरी गेला, चेहरा ओळखून हजेरी लावणाऱ्या यंत्राला. बाकीच्या दोघा परीक्षकांना ते ‘इंडस्ट्री रेडी’ वाटलं. असेल बाबा.

माझ्या टाकीचं काय झालं ते राहिलंच. तात्यांनी सांगितल्यावर खालच्या डब्यातही तारा सोडल्या, खाली पाणी नसेल तर मोटार लागूच नये अशा. पण आठव्या दिवसापर्यंत तांब्याच्या तारा हिरव्या पडल्या. त्याच करंटवाल्या काकूंनी दाखवल्या, "हे बघ, शेवाळलं तुझं यंत्र." शेवाळ नव्हतं, एकाच दिशेनं वाहणाऱ्या डीसी करंटनं तांबं खाल्लं जात होतं, पण बघितलं त्यांनी, मी नाही. तांब्याच्या तारा काढून आईचे स्टीलचे चमचे लावले. ते सर्किट, पुढे दिशा बदलत राहणाऱ्या एसी करंटवर नेलेलं, चाळीच्या टाकीला चाळ पाडेपर्यंत चाललं. आई अजून म्हणते, सहाच्या सेटमधले चार गेले.

हे वाचून कोणी म्हणेल, बाई, मंडपात गर्दी असते, वस्तू मोडतात, पोरं बटणं दाबतात, फुकटचे सल्ले मिळतात. मिळतात. माझा पंप दोनदा मोडला आणि एका काकांनी मला बीएड करायचा सल्ला दिला. चालायचंच.

तर १ मेला आमच्या सोसायटीची सार्वजनिक सत्यनारायणाची पूजा आहे. दर्शनाला, शिऱ्याला, हळदीकुंकवाला आजूबाजूच्या तीन सोसायट्या आणि मागची वस्ती येते. त्या पोराला मेसेज केलाय, झाकण घेऊन ये म्हणून. ‘विचारून सांगतो’ म्हणाला, म्हणजे आईला विचारणार. मावशींनाही बोलावलंय, मिस्टरांना घेऊन. सेक्रेटरी म्हणतात देवाच्या मांडवात गटाराचं झाकण बरं दिसत नाही. त्यांच्याशी उद्या भांडणार आहे. आणखी कोणाच्या घरी अशी पोरं असतील, यंत्र कितीही अर्धवट असू दे, पाठवा. टेबलं आहेत. एक्स्टेन्शन बोर्ड कमी पडतील, ज्यांच्याकडे आहेत त्यांनी नाव लिहून आणावेत, मागच्या वर्षीचे दोन अजून सापडलेले नाहीत.